अजून जेवण व्हायचे आहे

स्पेनमधील सालामांका शहराच्या जुन्या भागातील एका पावाच्या दुकानात, भिंतीवरच्या घड्याळात दुपारचा सव्वा वाजलेला स्पष्ट दिसत असताना, घरून पाठ करून नेलेल्या स्पॅनिशच्या बळावर मी ‘ब्वेनास तार्देस’, म्हणजे दुपारचा शुभ नमस्कार, असे मोठ्या आत्मविश्वासाने उच्चारले. आणि कोपरापर्यंत पिठाने पांढऱ्या झालेल्या दुकानवाल्या बाईंनी पाव कागदात गुंडाळता गुंडाळता, मान वर करण्याचीही तसदी न घेता, मला दुरुस्त केले. “अजून ‘ब्वेनोस दीआस’. जेवण व्हायचंय ना!” दुकानातील दोघी-तिघींनी माना डोलावल्या. बाराच्या ठोक्याला पूर्वाह्ण संपतो ही माझी शाळेतली समजूत त्या दुकानात कोणालाच मान्य नव्हती. तेथे सकाळ संपते ती घड्याळाने नव्हे, पानावर बसल्याने. आणि पाने मांडली जातात दोन-अडीचला, रविवारी तीनलासुद्धा.

माझी मुलगी संशोधनासाठी दोन वर्षे त्या गावी होती, आणि सेवानिवृत्तीनंतरच्या मोकळ्या काळातले तीन महिने मी तिच्याकडे काढले. आयुष्य दस्तनोंदणीच्या कचेरीत गेलेले. म्हणजे कोणाच्या नावाआधी काय लिहावे, कोणाच्या नावानंतर काय जोडावे आणि अर्जाचा मायना कसा असावा, यातच हाडे झिजलेली. स्पॅनिश भाषेतील अभिवादनाकडे माझे लक्ष गेले ते भाषापंडिताच्या कुतूहलाने नव्हे, तर जुन्या कारकुनाच्या सवयीने. आपल्याकडेही ‘जेवणवेळ’, ‘दिवेलागण’, ‘न्याहारीच्या सुमारास’ अशी माणसांच्या व्यवहाराने मोजलेली कालगणना होतीच. ती आपण मनगटी घड्याळाच्या स्वाधीन केली, आणि त्या बाईंनी केली नाही, एवढाच काय तो फरक.

मात्र यात घड्याळाचाही थोडा अपराध आहे. सालामांका ग्रीनिचच्या पश्चिमेस आहे. सूर्याच्या न्यायाने तेथील घड्याळ लंडनच्याही मागे असावयास हवे. परंतु १९४० च्या मार्च महिन्यात हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने देशातील घड्याळे एक तास पुढे सारून मध्य युरोपच्या वेळेशी जुळवली, आणि युद्ध संपले, राजवट संपली, तरी तो तास काही परत मागे घेतला गेला नाही. (मुंबईने भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली आपली स्वतंत्र वेळ १९५५ पर्यंत हट्टाने जपली होती, हे ज्यांना आठवते त्यांना घड्याळाच्या राजकारणाचे नवल वाटू नये.) परिणाम असा की जूनमध्ये तेथे सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमारास, त्यामुळे नऊ वाजता लख्ख उन्हात भेटलेल्या गृहस्थास ‘ब्वेनास तार्देस’ म्हणणेच रास्त, आणि ‘ब्वेनास नोचेस’, म्हणजे रात्रीचा नमस्कार, काळोखासाठी राखून ठेवणे हेच शिष्टसंमत. हा रात्रीचा नमस्कार भेटतानाही चालतो आणि निरोप घेतानाही चालतो. या साऱ्या हिशेबाचा कंटाळा आलेल्या लोकांनी एक पळवाट काढली आहे, ती म्हणजे नुसते ‘ब्वेनास’: चांगली, एवढेच, काय चांगली, दुपार की रात्र, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे.

त्या दुकानात रांग नसते. माणसे वाटेल तशी उभी असतात, कोणी दाराशी, कोणी खिडकीपाशी. पण आत पाऊल टाकणाऱ्याने प्रथम सर्वांना मिळून एक नमस्कार करावयाचा आणि लगेच विचारावयाचे, ‘शेवटचं कोण?’ कोणी तरी हात वर करते. त्या व्यक्तीवर डोळा ठेवला की तुमचा क्रम निश्चित झाला. डॉक्टरच्या दवाखान्यातील बाकांवरही हीच रीत. पंधरा अनोळखी माणसांच्या खोलीत कोणाकडेही न पाहता जाऊन बसणे हा तेथे उद्धटपणा ठरतो. लिफ्टमध्ये शिरतानाही अभिवादन, बाहेर पडतानाही अभिवादन. आमच्या कचेरीच्या व्हरांड्यात सकाळपासून तिष्ठत बसलेली माणसे एकमेकांकडे कशी पाहत, ते मला त्या बाकावर बसल्या बसल्या आठवले, आणि थोडी लाजही वाटली.

आता त्या शब्दांच्या घडणीकडे वळतो. ‘ब्वेनोस दीआस’ याचा शब्दशः अर्थ ‘चांगले दिवस’. दिवस एक आणि नमस्कार अनेकवचनी! शेजारचे पोर्तुगीज ‘बों दीआ’ म्हणतात, फ्रेंच आणि इटालियन लोकही एकाच दिवसावर समाधान मानतात. स्पॅनिश माणसाला मात्र सगळेच दिवस हवेत. याचे जे स्पष्टीकरण मला सर्वांत अधिक पटले ते असे की हे मुळात पूर्ण वाक्य होते: ‘ब्वेनोस दीआस ओस दे दिओस’, देव तुम्हांला चांगले दिवस देवो. काळाच्या ओघात त्यातला देव गळाला, देणे गळाले, आणि देणगी तेवढी उरली.

हे वाक्य मुलीने मला प्रथम समजावून सांगितले तेव्हा मी चमकलो, कारण ते मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. माझे आजोळ पेडण्याचे. शेजारच्या ख्रिस्ती घरातली म्हातारी कुंपणापलीकडून आजीला रोज सकाळी म्हणे, ‘देव बरो दीस दिवूं’. देव चांगला दिवस देवो. आभार मानावयाचे झाले तरी तिच्या तोंडी देवच, ‘देव बरें करूं’. गोव्याने हे पोर्तुगीजांच्या सहवासात घेतले, स्पॅनिशांच्या नव्हे, आणि म्हणूनच कोंकणीतला दीस एकवचनी राहिला असावा. पण इतिहासाची गंमत अशी की १५८० ते १६४० ही साठ वर्षे पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजांच्याच शिरावर होता, त्यामुळे तेवढ्या काळापुरता गोव्याचा मुलूखही माद्रिदच्या धन्याकडेच रुजू होता. कास्तिल प्रांताने जे वाक्य अर्ध्यात टाकले, ते पेडण्यातील म्हातारी समग्र उच्चारते.

त्याच राजांपैकी पहिल्याने, दुसऱ्या फिलिपने, १५८६ साली अभिवादने आणि किताब यांविषयी एक रीतसर हुकूमनामा काढला. कोणी कोणास कोणत्या पदवीने संबोधावे, पत्राच्या माथ्यावर काय लिहावे, कोणती बिरुदे कोणाला वापरण्याचा अधिकार आहे, याची त्यात बंदिस्ती होती आणि उल्लंघनास दंड होता. स्वतः राजास लिहिलेल्या पत्राच्या माथ्यावर मात्र केवळ ‘सेन्योर’ एवढाच शब्द पुरे, असे त्याने ठरवून दिले. नमस्कारासाठी सरकारला कायदा करावा लागतो याचा अर्थ उघड आहे: त्या काळी स्पेनमध्ये नमस्कारावरून माणसे हातघाईवर येत असत.

याचा दाखला सालामांकाच्याच मातीतला आहे. गावाच्या पायथ्याशी तोर्मेस नदीवर रोमनांनी बांधलेला पूल आहे. त्याच्या तोंडाशी एक झिजलेला, डोके हरवलेला दगडी बैल उभा आहे, आणि जवळच एका आंधळ्याचा आणि त्याच्यासोबतच्या पोराचा पुतळा आहे. तो पोर म्हणजे लाझारो, १५५४ साली निनावी प्रसिद्ध झालेल्या ‘लाझारिल्यो दे तोर्मेस’ या छोट्या कादंबरीचा नायक. पोटासाठी तो एकामागून एक धनी करतो. त्यांतला तिसरा एक फटिंग उमराव आहे, ज्याच्या घरात खाट आणि तलवार यांपलीकडे काही नाही. दिवसभर उपाशी राहून हा गृहस्थ दारात उभा राहतो आणि भरपेट जेवल्याप्रमाणे काडीने दात कोरतो. आणि नोकर भीक मागून आणील त्या तुकड्यांवर धनी रात्र काढतो. हा मनुष्य आपले गाव सोडून का आला? शेजारच्या अधिक मातब्बर सरदाराला दर वेळी आपणच आधी टोपी काढावी आणि त्याने एकदाही पुढाकार घेऊ नये, हे सहन न झाल्यामुळे! तो आणखी एक हकीगत सांगतो: गावातला एक कारागीर त्याला भेटेल तेव्हा ‘देव आपणांस सुखरूप राखो’ अशा अर्थाचे अभिवादन करी, आणि एवढ्यावरून हा त्याच्या अंगावर धावून गेला. कारण तो नमस्कार हलक्या लोकांचा. याच्या दर्जाच्या माणसाला ‘आपल्या हातांचे चुंबन घेतो’ असेच म्हटले पाहिजे. पोटात अन्नाचा कण नाही, आणि भांडण कशाचे, तर आशीर्वादाचे! हे प्रकरण प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले. मग आमच्या कचेरीतील एका वरिष्ठ लिपिकाने निमंत्रणपत्रिकेवर ‘श्रीयुत’ ऐवजी ‘श्री.’ छापले म्हणून लग्नास जाण्याचे नाकारले होते ते स्मरले, आणि हसू आवरले.

त्या उमरावास जो मान हवा होता तो ‘व्वेस्त्रा मेर्थेद’ या दोन शब्दांत होता. मेर्थेद म्हणजे कृपा, मेहेरबानी. ‘आपली मेहेरबानी’ हे संबोधन. आमच्या अर्जांतील ‘मेहेरबान कलेक्टरसाहेब यांचे सेवेशी’ याचे ते सख्खे भावंड म्हणावयास हरकत नाही. आरंभी हा शब्द बड्यांचा. मग लहानांनी तो एकमेकांस लावावयास सुरुवात केली, आणि जो शब्द सर्वांच्या तोंडी बसतो तो झिजतो: ‘वोआसे’, ‘वुस्तेद’ अशी रूपे घेत घेत सतराव्या शतकात त्याचा ‘उस्तेद’ झाला. आज तिकीट तपासणारा प्रवाशाला आणि प्रवासी तिकीट तपासणाऱ्याला ज्या शब्दाने संबोधतो तो हाच. पण जुन्या वैभवाची एक खूण त्यात राहून गेली आहे: ‘उस्तेद’शी क्रियापद येते ते तृतीय पुरुषी, जणू समोर माणूस नसून त्याची मेहेरबानी बसली आहे. ‘सरकारांनी बसावे’, ‘हुजूर कधी आले?’ हे ज्याने ऐकले आहे त्या मराठी माणसाला या व्याकरणासाठी शिकवणी लागू नये. आणि या साऱ्या प्रवासाचे चित्र आपल्याच दप्तरात पाहावयाचे तर ‘रा. रा.’ ही दोन अक्षरे पाहावीत. ‘राजमान्य राजेश्री’ हा एके काळी दरबारी मान. माझ्या वडिलांच्या काळात तो किराणा दुकानदाराच्या बिलावरही येत असे. स्पेनमध्ये तर पत्राच्या शेवटीही असाच थाट असे: ‘आपल्या हाताचे चुंबन घेणारा’ याची आद्याक्षरे टाकून खाली सही, जशी आमच्याकडे ‘सा. न. वि. वि.’ या चार अक्षरांत साष्टांग दंडवत घडी घालून ठेवलेला असे. ते अर्धा शतकभर लिहिताना मी एकदाही जमिनीवर आडवा पडल्याचे स्मरत नाही.

मान सर्वांना वाटून टाकण्याचा एक मार्ग म्हणजे सर्वांना ‘उस्तेद’ म्हणणे. दुसरा, कोणालाच न म्हणणे. १९३६ च्या डिसेंबरात इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल बार्सेलोनात उतरला तेव्हा त्याला हा दुसरा मार्ग दिसला. यादवी युद्धाच्या आणि क्रांतीच्या त्या दिवसांत ‘सेन्योर’, ‘दोन’ आणि ‘उस्तेद’ हे शब्द रस्त्यांवरून नाहीसे झाले होते, जो तो दुसऱ्यास कॉम्रेड आणि ‘तू’ म्हणत होता, आणि ‘ब्वेनोस दीआस’च्या जागी ‘सालूद’, म्हणजे आरोग्य, हा शब्द आला होता, असे तो नमूद करतो. ‘आदिओस’ या निरोपाच्या शब्दातही देव असल्यामुळे तोही अनेकांना खपेना. यादवी संपली, फ्रँको जिंकला, आणि देव व उस्तेद दोघेही परत आले. नवल पुढेच आहे: १९७५ मध्ये फ्रँको वारल्यानंतर जी लोकशाही आली तिच्यात कोणीही फर्मान न काढता ‘तू’ पुन्हा सर्वत्र पसरला. आज तेथे बँकेतला पोरगा माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहत बिनदिक्कत ‘तू’ म्हणतो आणि त्यात अपमानाचा लवलेश नसतो. मला तो सवयीचा व्हावयास महिना लागला. खरे सांगावयाचे तर झालाच नाही.

समुद्रापलीकडच्या स्पॅनिश मुलखांत मात्र हा हिशेब अगदी निराळा आहे. बोगोटाकडे जिवलग मित्र, नवराबायको, क्वचित आई आणि मूल हेही एकमेकांस ‘उस्तेद’ म्हणतात, आणि त्याच परिसरातील डोंगराळ भागांत ‘सुमेर्से’ हा शब्द मायेने वापरला जातो. ती जुनी ‘मेर्थेद’च, पण दरबार सोडून स्वयंपाकघरात आलेली. ब्वेनोस आयरेसमध्ये ‘तू’ कोणी म्हणत नाही, तेथे ‘वोस’. जो शब्द स्पेनने सोळाव्या-सतराव्या शतकांत खालच्या माणसासाठी राखून पुढे टाकून दिला, तो अर्जेंटिनाने मित्रासाठी ठेवला. मेक्सिकोत हाक ऐकू आली नाही तर ‘काय?’ न म्हणता ‘मान्दे’ म्हणतात, म्हणजे ‘आज्ञा व्हावी’. आणि जुन्या वळणाचा मेक्सिकन ‘आपल्या घरी या’ असे म्हणतो तेव्हा नवखा परदेशी गोंधळतो, कारण घर त्याचे स्वतःचे असते. ‘हे आपलंच घर आहे’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसाने मात्र गोंधळू नये.

डार्विनने १८३० च्या दशकात आजच्या उरुग्वेच्या माळरानावर पाहिलेली रीतही येथे सांगण्याजोगी आहे. घोडेस्वार परक्या घराशी येई, सावकाश दारापर्यंत येऊन मोठ्याने ‘आवे मारिया’ म्हणे, आणि घरातून कोणी बाहेर येऊन उतरावयास सांगेपर्यंत खोगिरावरून खाली पाय ठेवीत नसे. घरधन्याचे ठरीव उत्तर असे, ‘निष्पाप गर्भधारण झालेली’. मग आत बसून काही वेळ इकडच्या तिकडच्या गोष्टी, आणि त्यानंतर रात्रीच्या मुक्कामाची परवानगी, जी न देण्याची पद्धतच नव्हती. मैलोगणती वस्ती नसलेल्या प्रदेशात तो नमस्कार म्हणजे एक परवाना होता: येणारा दरोडेखोर नाही, इतके त्यात सिद्ध होई. रात्री दिंडीतून मागे राहिलेल्या वारकऱ्याने परक्या ओसरीवर ‘राम कृष्ण हरी’ म्हणावे, त्यातला भाव फारसा वेगळा नसतो.

माझ्या स्वतःच्या चुकांची यादी मोठी आहे, दोन सांगतो. आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक चौऱ्याऐंशी वर्षांचे गृहस्थ राहत, डोक्याला सदैव काळी बोइना, म्हणजे ती चपटी गोल टोपी, आणि हातात काठी. त्यांना मी पहिल्या आठवड्यात लिफ्टमध्ये क्षेमकुशल विचारले. ‘कसे आहात?’ हे मराठीत प्रकृतीविषयीही असते आणि स्वभावाविषयीही. स्पॅनिशमध्ये ‘असणे’ यास दोन क्रियापदे आहेत, एक आजच्या अवस्थेचे, एक कायमच्या स्वरूपाचे, आणि मी नेमके दुसरे वापरले. म्हणजे एका अनोळखी वृद्धास ‘आपण कोणत्या प्रकारचे मनुष्य आहात?’ असे विचारून मोकळा झालो. ते क्षणभर विचारात पडले आणि गंभीरपणे म्हणाले, “हट्टी.” त्यानंतर आमचा स्नेह जमला. योग्य क्रियापद शिकल्यावर मी विचारलेल्या ‘कोमो एस्ता उस्तेद’ला त्यांचे उत्तर ठरलेले असे: ‘तिरान्दो’, ओढतोय. ‘चाललंय आपलं’, ‘ढकलतोय’ याहून जवळचे भाषांतर मला सुचत नाही.

दुसरी चूक हातांची. मुलीच्या मैत्रिणीने घरी पाहुणचार केला. तेथे परिचय होताच स्त्रियांशी दोन्ही गालांना गाल लावून चुंबनाचा नुसता आवाज करावयाचा असतो, हे मला सांगून ठेवले होते, पण ऐन वेळी संस्कार आडवे आले आणि मी हात जोडले. ती बिचारी तोवर पुढे झुकलेली. माझे जोडलेले हात तिच्या-माझ्यामध्ये अडकले आणि तिची हनुवटी माझ्या बोटांवर आदळली. ‘एन्कान्तादा’, ती हनुवटी चोळीत म्हणाली. परिचयाच्या वेळी म्हणावयाच्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘मंत्र टाकून भारलेली’. प्रसिद्ध स्पॅनिश कादंबरीतल्या सांचो पान्झा या नोकराने आपल्या धन्याला थाप मारली ती त्याची लाडकी दुल्सिनेआ अशीच ‘एन्कान्तादा’ झाल्याची.

आणि निरोप. आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. स्पॅनिश माणूस पुन्हा जन्मात न भेटणाऱ्यालाही ‘आस्ता ल्वेगो’ म्हणतो, थोड्या वेळाने भेटू. याउलट ‘आदिओस’, देवाच्या हवाली, हा शब्द तेथे रस्त्यात समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाला न थांबता म्हणावयाचा नमस्कारही आहे; तेथे त्याचा अर्थ ‘दिसलात, पण घाईत आहे’ एवढाच. मात्र उभ्या माणसाने उभ्या माणसाला ‘आदिओस’ म्हटले की त्याचे वजन बदलते.

निघण्याच्या दिवशी अडीच वाजता मी सामान घेऊन लिफ्टमध्ये शिरलो तेव्हा आजोबा आत होते. जेवून फिरावयास निघाले असावेत. ‘ब्वेनास तार्देस’ म्हणाले. मी निघत असल्याचे मुलीने त्यांना सांगितले होते. दुसऱ्या मजल्याशी त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि म्हणाले, “आता मला ‘तू’ म्हण.” तीन महिन्यांत त्यांनी ते प्रथमच देऊ केले होते, आणि तो मान मला कळत होता, पण चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला अरेतुरे करावयास माझी जीभ वळेना. मराठीत आपण सर्वनाम गिळून वाक्य कसेबसे निभावतो. स्पॅनिशमध्ये क्रियापदाचे शेपूटच चुगली करते, लपावयास जागा नाही. तळमजला आला. ज्यात तूही नाही आणि उस्तेदही नाही असे दोनच शब्द मला आठवले, ते मी म्हटले: ‘आस्ता ल्वेगो’. त्यांनी बोइना काढली, छातीशी धरली, आणि दारातून बाजूला होत म्हणाले, “आदिओस.”